साडूसाठी एक नमो मरिया

मी जळका माणूस नाही. कुणालाही विचारा. फक्त माझ्या बायकोला विचारू नका, कारण प्रश्न पुरा व्हायच्या आत ती हसायला लागते आणि मग उत्तर राहूनच जातं.

आमच्या चर्चमध्ये रविवारी सकाळच्या मिस्सेला, म्हणजे उपासनेला, बायबलमधलं पहिलं वाचन मी करायचो. काही लोकांना वाटतं, समोर पुस्तक उघडं असतं, त्यात बघून वाचायचं, त्यात काय मोठं? त्यांनी एकदा वर येऊन वाचून दाखवावं. जुन्या करारात राजे असतात, राजांचे बाप असतात, त्यांनी जिंकलेली गावं आणि ओलांडलेल्या नद्या असतात, आणि ही नावं ठेवणाऱ्यांनी पुढे कुणाला तरी ती माईकवर म्हणावी लागतील याचा काडीचाही विचार केलेला नाही. बाकीचे वाचक अशा नावापाशी आले की खोकतात. एक बाई तर चष्मा पुसायला घेतात. मी खोकत नाही, चष्मा पुसत नाही, अख्खी वंशावळ एका दमात पार करतो. आजवर कुणी माझं कौतुक केलं असं नाही, पण चर्चमध्ये टाळ्या वाजवत नाहीत म्हणून मी ते गृहीत धरलं होतं.

ह्या वाचनाचं मला एवढं काय, तेही सांगतो. मी विजेच्या ऑफिसात तक्रार खिडकीवर बसतो. आठवडाभर लोक माझ्यासमोर उभे राहून बोलतात आणि मी ऐकतो. मीटर पळतोय, बिल वाढलंय, शेजाऱ्याने तार ओढलीय. मी फक्त 'तक्रार नोंदवली आहे' एवढंच म्हणायचं असतं, आणि तेही कुणी पुरतं ऐकून घेत नाही. रविवारी मात्र मी उभा असतो, सगळे बसलेले असतात, आणि माझं संपेपर्यंत कुणी ब्र काढत नाही. माणसाला आठवड्यातून एकदा एवढं मिळालं की बाकीचे दिवस निघतात.

अशा ह्या सुखात माझे साडू बदली होऊन आमच्या शहरात आले.

साडू म्हणजे माझ्या बायकोच्या धाकट्या बहिणीचा नवरा. फरशांच्या एका मोठ्या दुकानात विक्रेता. उंच, देखणा, आणि स्वभावाने इतका चांगला की त्याच्याविरुद्ध काही बोलायचं म्हटलं तर सुरुवात कुठून करावी तेच कळत नाही. शिव्या घालायला सोयीची माणसं वेगळी असतात. हा माणूस तुमची पिशवी उचलतो, तुमच्या विनोदाला हसतो, वर 'साडूभाऊ, तुमच्यासारखं आम्हाला कुठे जमायचं' असं म्हणतो आणि ते त्याच्या मनातलं असतं. त्यात त्याचा आवाज. खालून येणारा, भरदार. मोरीपुरत्या फरशा घ्यायला आलेली माणसं तो आवाज ऐकून अख्खं घर फरशीने मढवून घेतात म्हणे.

त्यांच्या पहिल्याच रविवारी आमचे दुसरं वाचन करणारे औषधवाले दाढदुखीमुळे आले नाहीत. फादर मिस्सेचे कपडे घालतात त्या मागच्या खोलीत धावपळ सुरू झाली. तेव्हा 'आमच्या साडूंना सांगा की, ते वाचतील' असं म्हणणारा महापुरुष मीच. लोक आपल्या पायावर धोंडा पाडून घेतात, मी तो धोंडा पाहुणा म्हणून घरून घेऊन आलो होतो.

साडूंनी वाचलं. एका शहराचं नाव चुकीचं वाचलं, साफ चुकीचं, मी बाकावर बसल्या बसल्या दात-ओठ खाल्ले. पण कुणाला पत्ता नव्हता. मागे एक तान्हं मूल मिस्सा सुरू झाल्यापासून रडत होतं, तेसुद्धा गप्प झालं. बाहेर पडल्यावर तीन-चार बायका माझ्याकडे आल्या. मला वाटलं, आज वंशावळ चांगली झाली म्हणून आल्या असतील.

"अहो, ते कोण हो वाचत होते? काय सुंदर वाचलं!"

"माझे साडू," मी म्हणालो. "पहिलं वाचन मी केलं."

"हो का? आज होतात तुम्ही?"

घरी जाताना बायको म्हणाली, "इतक्या वर्षांत आज पहिल्यांदा वाचनाचा अर्थ कळला मला." ह्या सगळ्या वर्षांत ती माझ्याच समोर, पहिल्या रांगेत बसत आलेली आहे. मी काही बोललो नाही. मी बोललो नाही की ती विचारते, 'काय झालं?' त्या दिवशी तिने तेही विचारलं नाही.

पुढे जाहीर झालं की नव्या वेदीला आशीर्वाद द्यायला बिशप येणार. त्या मिस्सेचं पहिलं वाचन कोण करणार, हा प्रश्न खरं तर पडायलाच नको होता. पण मोठ्या फादरांना मी सहज म्हणून विचारलं तर ते 'बघू' म्हणाले. मी खिडकीवर बसून स्वतः किती लोकांना 'बघू' म्हटलेलं आहे. त्याचा अर्थ मला कुणी शिकवायला नको.

तेव्हा मी कन्फेशनला, म्हणजे फादरांपुढे पापं कबूल करायला, जायचं ठरवलं. बिशपांसमोर उभं राहायचं तर मन स्वच्छ पाहिजे, असा माझा शुद्ध हेतू होता. आता ह्याच निमित्ताने मोठ्या फादरांच्या कानावर माझं मनही गेलं असतं तर त्याला माझा इलाज नव्हता.

"फादर," मी जाळीपाशी तोंड नेऊन म्हणालो, "एका माणसाबद्दल मनात जराशी नाराजी आहे."

"जराशी म्हणजे किती?"

"तो दिसला की पोटात दुखतं."

"त्याने तुझं काही वाईट केलंय?"

"नाही ना! तेच तर म्हणतोय मी."

मग ते म्हणाले, "ह्याला हेवा म्हणतात, बाळा."

मी केस पिकलेला माणूस. मला 'बाळा' लागलं नाही एवढा 'हेवा' लागला. मी म्हणालो, "फादर, तो शब्द जरा मोठा होतोय."

"मग प्रायश्चित्त लहान देतो. रोज त्याच्यासाठी एक नमो मरिया म्हणायची. त्याचं भलं व्हावं म्हणून. मनापासून."

"किती दिवस?"

"हेवा जाईपर्यंत."

स्वस्तात सुटलो असं मला वाटलं. नमो मरिया म्हणजे मरियामातेची एवढीशी प्रार्थना, ती म्हणायला बुटाची नाडी बांधण्यापेक्षा कमी वेळ लागतो. मी रोज सकाळी नाडी बांधताना ती म्हणू लागलो, म्हणजे दोन्ही कामं एकदम.

पहिल्याच आठवड्यात दुकानाचे मॅनेजर गुडघेदुखीला कंटाळून घरी बसले आणि साडू मॅनेजर झाले.

मी म्हटलं, योगायोग. पुढच्या आठवड्यात त्यांना बागेसमोरचा फ्लॅट मिळाला, बाल्कनीसकट, आणि भाडं आमच्याइतकंच. आमच्या खिडकीतून समोरच्या इमारतीची धुणी दिसतात. कोणाकडे पाहुणे आले, कोणाचं वजन वाढलं, सगळं आम्हाला दोरीवरून कळतं. साडूंना झाडं दिसायला लागली. त्यानंतर एका रविवारी ते माझ्या पुढच्या बाकावर बसले होते, तेव्हा मी नीट पाहिलं. त्यांच्या डोक्यावर मागच्या बाजूला जे विरळ होत चाललं होतं, तिथे नवे केस येत होते. माझा हात आपोआप स्वतःच्या डोक्यावर गेला आणि तिथून निराश होऊन परत आला.

"देव एकेकाला कसा भरभरून देतो बघा," बायको म्हणाली.

आता तिला कसं सांगू, की अर्ज कोण करतंय ते? मी स्वतःसाठी बढती मागायला लागलो त्याला जमाना झाला. ती तक्रार वर नुसती नोंदवलेली आहे. आणि ह्या माणसासाठी नाडी बांधता बांधता एक शब्द टाकला की त्याच आठवड्यात निकाल! माझ्या प्रार्थनेत एवढी ताकद आहे हे मला त्या दिवसांत कळलं, आणि ती सगळी दुसऱ्याच्या खात्यात जमा होतेय हेही. शिवाय अडचण अशी की प्रार्थना हेवा जाईपर्यंत करायची. प्रार्थना केली की साडूंचं भलं होणार, भलं झालं की माझा हेवा वाढणार, हेवा वाढला की प्रार्थना आलीच. हा मीटर बंद करायचं बटणच फादरांनी ठेवलं नव्हतं.

मी आमच्या खालच्या मजल्यावरच्या शिंप्याचा सल्ला घेतला. तो चर्चच्या गायनमंडळात पेटी वाजवतो आणि कापड कापताना फार विचार करतो. मी त्याला सगळं सांगितलं, अर्थात माझ्या एका मित्राची गोष्ट म्हणून.

"तुमच्या मित्राला सांगा," तो तोंडातल्या टाचण्या काढत म्हणाला, "प्रायश्चित्त मोडायचं नाही. प्रार्थना चालूच ठेवायची. पण साडूचं भलं परगावी होऊ दे, असं मागायचं."

"असं चालतं?"

"भलंच मागताय ना? मग कुठे ते सांगायला काय हरकत आहे? माप दिल्याशिवाय कपडा कसा शिवणार?"

मला ते पटलं. मी दोन दिवस साडूंचं भलं लांबच्या शहरी होऊ दे असं मागितलं. तिसऱ्या दिवशी मेहुणी नाचत आली. दुकानाने चांगल्या विक्रीबद्दल साडूंना समुद्रकाठची सहल दिली होती, बायकोसकट. आठवडाभर दोघं वाळूत पाय सोडून बसली आणि ताजीतवानी होऊन परत आली. येताना माझ्यासाठी टोपी आणली. टोपी! माझ्या बायकोने त्यांचे फोटो पाहिले, मग माझ्याकडे पाहिलं. ती नजर मी विसरायचा प्रयत्न करतोय.

आणि त्याच रविवारी वेदीवरून घोषणा झाली. बिशपांच्या मिस्सेचं पहिलं वाचन, साडू.

संध्याकाळी साडू केक घेऊन घरी आले. "साडूभाऊ," ते म्हणाले, "मी फादरांना म्हणालो हो, की हे काम तुमचं आहे. ते ऐकायलाच तयार नाहीत. तुम्हाला वाईट नाही ना वाटलं?"

"छे! वाईट कसलं?" मी म्हणालो आणि केकचा मोठा तुकडा तोंडात घातला, म्हणजे पुढे बोलावं लागू नये. केक चांगला होता. त्यांचा केकसुद्धा चांगलाच असतो.

आता प्रायश्चित्त बदलून घेण्याशिवाय गत्यंतर नव्हतं. मी चर्चच्या ऑफिसात गेलो. तिथे एक बाई बसतात. त्यांच्यात आणि माझ्यात फरक एवढाच, की त्यांच्या खिडकीला पडदा आहे.

"मोठे फादर मौन साधनेला गेलेत," त्या म्हणाल्या. "बोलणार नाहीत."

"केव्हा बोलतील?"

"बिशप यायच्या आधी. काम काय आहे?"

"खाजगी आहे. एक गोष्ट बदलून हवी होती."

"बाप्तिस्म्याच्या दाखल्यात?"

"नाही."

"लग्नाच्या?"

"नाही हो."

"मग बदलून काय हवंय? नाव असेल तर शपथपत्र लागेल. दोन साक्षीदार लागतील."

प्रायश्चित्ताला साक्षीदार कुठून आणायचे? मी 'बघतो' म्हणालो. त्या म्हणाल्या, "नोंद करून ठेवते." माझंच औषध मला कुणी पाजेल असं वाटलं नव्हतं.

राहिले छोटे फादर. हे आमचे सहायक धर्मगुरू. वयाने छोटे, उंचीने मोठ्या फादरांपेक्षा हातभर जास्त. त्यांच्याकडे पुन्हा कन्फेशन करून प्रायश्चित्त बदलून घेता येतं, असं मला शिंप्यानेच सांगितलं. शनिवारी संध्याकाळी मी रांगेत उभा राहिलो. मागून खांद्यावर हात पडला. भरदार आवाज आला, "अरे वा, साडूभाऊ! तुम्हीसुद्धा? तुमच्यासारख्या माणसाला काय सांगायचं असतं हो आत?"

आत जाऊन मी इतक्या हळू बोललो की छोट्या फादरांना तीनदा 'काय?' म्हणावं लागलं. पडद्याबाहेर पाच पावलांवर साडू उभे, आणि मी आत त्यांचं नाव न घेता त्यांचे केस, फ्लॅट आणि समुद्र सांगतोय. सगळं ऐकून छोटे फादर उत्साहाने म्हणाले, "प्रार्थना फार छान आहे. ती चालूच ठेवा. पण नुसती प्रार्थना पुरत नाही, जोडीला कृती पाहिजे. त्या माणसाला काय जमत नाही?"

कन्फेशनमध्ये खोटं बोलता येत नाही. मी म्हणालो, "अवघड नावं."

"मग ती त्याला शिकवा."

आगीतून फुफाट्यात म्हणतात ते हे. आमच्या ऑफिसातही असंच होतं. बिल जास्त आलं म्हणून माणूस भांडायला येतो, आम्ही मीटर तपासतो, आणि मागची थकबाकी काढून हातात देतो.

मी शिकवलं. रोज ऑफिस सुटल्यावर त्या बाल्कनीत बसून, समोर झाडं, हातात त्यांच्याच घरचा चहा. राजे शिकवले, नद्या शिकवल्या, श्वास कुठे घ्यायचा आणि नाव कुठे तोडायचं ही माझी सगळी विद्या त्या माणसाला दिली. चुकीचं शिकवण्याचा विचार मनात आला नाही असं मी म्हणणार नाही. पण ते चुकले असते तरी त्या आवाजात कुणाला कळलं असतं? आठवड्याच्या शेवटी साडू सगळी नावं घडाघडा म्हणू लागले. मेहुणी म्हणाली, "भाऊजी, तुम्ही होतात म्हणून हो."

दुसऱ्या दिवशी मी संपावर गेलो. सकाळी नाडी बांधली आणि नमो मरिया म्हटली नाही. त्याच्या दुसऱ्या दिवशीही नाही. म्हटलं, बघू या आता ह्यांचं काय होतं ते.

आणि झालं. त्यांचा आवाज गेला. बसला नाही, गेलाच. डॉक्टरांनी घसा बघितला, तोंडातून चकार शब्द काढायचा नाही असं सांगितलं, आणि केव्हा बरं वाटेल ह्याला 'सांगता येत नाही' म्हणाले. दुसऱ्या दिवशी चर्चच्या ऑफिसबाईंचा निरोप आला. मोठे फादर मौनातून उठले होते. बिशपांसमोर वाचन मी करायचं होतं.

म्हणजे मला जे हवं होतं ते मिळालं. बायकोने माझा कोट इस्त्रीला काढला. मी आरशासमोर उभा राहून एक राजा म्हणून बघितला. तो नीट आला नाही.

संध्याकाळी भेटायला गेलो. साडू गळ्याभोवती मफलर गुंडाळून बाल्कनीत बसले होते. मला बघून त्यांनी माझा हात धरला. मग माझ्याकडे बोट केलं, वाचल्याची खूण केली, आणि छातीवर हात ठेवून मान डोलावली. बरं झालं, तुम्ही वाचताय, असं म्हणत होते. आत मेहुणी ओट्याशी पाठ करून उभी होती. "भाऊजी, मुका मॅनेजर कोण ठेवणार हो दुकानात?" ती म्हणाली. "त्यांच्याकडे दुसरं काय आहे? आवाजावरच तर सगळं उभं आहे."

मला भीती वाटली. खरीखुरी. मी दोन सकाळी तोंड बंद ठेवलं आणि ह्या माणसाचं तोंड बंद झालं, असं मला वाटत होतं, आणि हे कुणाला बोलून दाखवायची सोय नव्हती. मी तिथून घरी न जाता चर्चमध्ये गेलो, गुडघे टेकले, आणि नमो मरिया म्हणायला लागलो. किती म्हटल्या ते मोजलं नाही. देवा, त्याचा आवाज त्याला दे. वाचन त्याला दे. केस राहू देत, बाल्कनी राहू दे, हवं तर समुद्रावर पुन्हा पाठव. हे मी मागत होतो आणि मागताना मला ते हवंही होतं. असं आधी एकदाही झालं नव्हतं. उठताना बाकाला धरून उठावं लागलं. रोज जात राहिलो.

त्याच सुमाराला चर्चचं जपमाळ मंडळही प्रार्थनेसाठी साडूंच्या घरी जमू लागलं होतं. मंडळाच्या अध्यक्षा म्हणजे निवृत्त मुख्याध्यापिका. त्या प्रार्थनाही हजेरी घेऊन करतात. त्यांनी नऊ दिवसांची प्रार्थना लावली आणि रोज जाताना घरात एकेक काढा ठेवून गेल्या.

बिशप यायचे त्या दिवशी सकाळी फोन वाजला. "साडूभाऊ," पलीकडून आवाज आला, खालून, भरदार. "आला हो!"

वाचन त्यांनीच करावं, असं मी मोठ्या फादरांना स्वतः जाऊन सांगितलं. मी इस्त्रीच्या कोटात पहिल्या रांगेत बसलो. साडू उभे राहिले. राजे आले, राजांचे बाप आले, मी खाली बसून प्रत्येक नावाला ओठ हलवत होतो, आणि ते एकेक नाव माझ्या जागी श्वास घेऊन पार करत होते. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. बायकोने रुमाल दिला आणि कानात म्हणाली, "इतकं नका हो मनाला लावून घेऊ." तिला वाटलं, मी जळतोय. पण हेवा गेला होता. पोटात कुठेच दुखत नव्हतं. मी मनात ठरवलं, चहा झाला की फादरांना सांगायचं आणि मोकळं व्हायचं.

चहा हॉलमध्ये होता. बिशपांच्या हातात कप, भोवती सगळे. साडूंच्या घशाची गोष्ट निघाली. मुख्याध्यापिकाबाई पुढे झाल्या आणि म्हणाल्या, "डॉक्टरांनी तर हात टेकले होते. आमच्या मंडळाच्या प्रार्थनेने आवाज परत आला."

सगळ्यांनी माना डोलावल्या. बिशप म्हणाले, "फार छान. मंडळाचं अभिनंदन."

आता मी गप्प बसायला हवं होतं, हे मलाही कळतंय. पण मी चर्चमधल्या दगडी फरशीवर गुडघे सोलून घेतले होते. ह्या बाई घरात बसून, गालिच्यावर, मधून मधून काढे उकळत. आणि अभिनंदन त्यांचं!

"तुमच्या नाही," मी म्हणालो. "माझ्या प्रार्थनेने आला."

"तुमच्या?" बाईंनी चष्म्यावरून बघितलं. "तुम्ही कधी आलात प्रार्थनेला?"

"मी आधीपासून करतोय. रोज. तो मॅनेजर व्हायच्या आधीपासून!"

"का?"

"कारण मी जळतो त्याच्यावर!"

मोठ्या फादरांनी कपाळाला हात लावला. जे गुपित जाळीआड त्यांनी जिवापाड जपलं होतं, ते मी बिशपांसमोर, बिस्किटांच्या टेबलापाशी, मोठ्याने सांगून टाकलं होतं. मग काय, सगळंच सांगितलं. प्रायश्चित्त, फ्लॅट, परगावचं भलं, संप. बायको रुमाल परत मागत होती.

साडू पुढे आले. "म्हणजे प्रमोशन तुमच्यामुळे?"

"हो."

"फ्लॅटसुद्धा?"

"बाल्कनीसकट."

"आई गेल्यावर," ते म्हणाले आणि तो आवाज जरा कापला, "माझ्यासाठी रोज कुणी प्रार्थना केलीय हे मला पहिल्यांदाच कळतंय हो." आणि त्यांनी मला सगळ्यांसमोर मिठी मारली. चांगुलपणा ह्याही वेळी सुटला नाही.

बिशपांनी कप खाली ठेवला. "मग आता हेवा गेला का?"

"सकाळी गेला होता, फादर, म्हणजे बिशप. आत्ता ह्या बाईंचा वाटतोय."

"उद्यापासून बाईंसाठी," मोठे फादर डोळे न उघडता म्हणाले.

"माझ्या गुडघ्यांसाठी म्हणा," मुख्याध्यापिकाबाई लगेच म्हणाल्या. "डावा जास्त दुखतो."

इथून पुढे माझी जी अप्रतिष्ठा सुरू झाली तिला तोड नाही. माझ्या वाचनाबद्दल आयुष्यात एक अक्षर न बोललेले लोक मला गाठून गाठून बोलायला लागले. औषधवाले म्हणाले, "माझ्यावर पण जरा जळा ना. समोर नवं दुकान झालंय, गिऱ्हाईक तुटतंय." शिंपी म्हणाला, "तो मित्र म्हणजे तुम्हीच हे मला माहीत होतं. माझ्या मुलीची परीक्षा आहे, हुशार आहे ती, जळण्यासारखी." आमचे साहेबही एकदा खिडकीत डोकावून, बदलीचं बघा जरा, असं म्हणून गेले. कुणी आपला फ्लॅट दाखवायला नेलं, कुणी गाडी. मी ज्याच्यात्याच्यावर यथाशक्ती जळलो. तसा मला सराव होताच.

मग एके दिवशी खिडकीच्या रांगेत एक म्हातारी बाई आली. चर्चमध्ये ती शेवटच्या बाकावर, दाराशी बसते आणि सगळ्यांच्या आधी निघून जाते, एवढंच मला माहीत होतं. हातात बिल नव्हतं, नुसती पिशवी.

"आजी, बिल?"

"बिल बरोबर आहे. एकटीला किती वीज लागते." ती खिडकीवर वाकली. तिच्या स्वेटरच्या कोपराला दुसऱ्या रंगाच्या लोकरीचं रफू होतं. "त्या दिवशी हॉलमध्ये होते मी. माझ्यावर जळशील का रे?"

मी तिच्याकडे बघितलं. स्वेटर, दोरीने बांधलेली पिशवी. "आजी, तुमच्याकडे..."

"काही नाही, माहीत आहे मला," ती म्हणाली. "म्हणून तर आले. बाकीच्यांसाठी घरचं कुणी ना कुणी प्रार्थना म्हणत असेल. बघ काही सापडतंय का. घाई नाही."

आणि ती बाजूच्या बाकावर जाऊन बसली.

मागच्या माणसाने बिल पुढे सरकवलं. मीटर पळतोय म्हणाला. मी ऐकत होतो, पण माझं लक्ष बाकाकडे होतं. ही बाई भर रांगेत, मोठ्याने, माझ्यासाठी प्रार्थना कर म्हणाली आणि शांत बसली. मला हे जन्मात जमलं नव्हतं. बढती अडली तेव्हा नाही, वाचन गेलं तेव्हा नाही. बायकोलासुद्धा कधी म्हटलं नव्हतं, की माझ्यासाठी एक म्हण. सगळ्यांनी आपण होऊन ओळखावं म्हणून मी तोंड फुगवून बसलो होतो, आणि हिने सरळ मागितलं. किती सोपं होतं तिला ते! माझ्या पोटात दुखलं. नेहमीच्याच जागी.

"आजी," मी खिडकीतून डोकं बाहेर काढून म्हणालो, "सापडलं."

"काय रे?"

"ते असू द्या. पण एक करायचं. तुम्ही पण माझ्यासाठी एक म्हणायची."

"म्हणेन की. काय मागू तुझ्यासाठी?"

मी तोंड उघडलं. इतक्या वर्षांचं सगळं पाठ होतं मला, बढती, बाल्कनी, केस, वाचन. रांग खोळंबली होती, मीटरवाला बिल आपटत होता, आणि त्यातलं एकही मला सांगावंसं वाटेना.

"बघा काही सापडतंय का," मी म्हणालो. "घाई नाही."